नॉव्हिसमध्ये नववा आलो, आता थेट प्रो-स्टॉकमध्ये उतरू का?

पत्रातून आलेला प्रश्न असा आहे. मुलगा सव्वीस वर्षांचा, मूळचा सांगलीकडचा, चाकणला नोकरी. चार ट्रॅक-डे (स्पर्धा नसताना ट्रॅकवर बाइक चालवायचे दिवस) झालेत. गेल्या मोसमात मोटरसायकलच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या नॉव्हिस, म्हणजे नवख्यांच्या, गटात दोन रेस धावला, एकीत नववा आला, दुसरीत पडला. मित्र म्हणतात, नॉव्हिसमध्ये आणखी एक वर्ष कशाला घालवतोस, १६५ सीसी प्रो-स्टॉकला, म्हणजे मुरलेल्यांच्या गटाला, नाव घाल, मोठ्यांच्या मागे राहून जास्त शिकशील. प्रो-स्टॉकच्या पहिल्या दोघा-तिघांपेक्षा आपण लॅपमागे, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीमागे, साधारण अकरा सेकंद मागे आहोत, हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलंय.

वयाने बराच लहान आहेस म्हणून तू म्हणतो. मी पुण्यात आरएक्स १००वर मातीतल्या रेस केल्या, मग डांबरावर गेलो, आणि आता शिकवतो. अधूनमधून मार्शल म्हणून झेंडा हातात घेऊन कोपऱ्यावर उभाही राहतो. माझं उत्तर: या मोसमात नको. पण तू हळू आहेस म्हणून नको म्हणत नाहीये. हळू रायडर मला चालतो. पुढच्या क्षणी हा काय करणार, याचा मागच्याला अंदाज येत नाही असा रायडर मला नको वाटतो, मग तो कितीही जोरात असो. तू यातला कुठला आहेस हे तुझ्या पत्रावरून कळत नाही, आणि बहुधा अजून तुलाही माहीत नसावं.

आधी ‘प्रो’ या शब्दाचा फुगा थोडा उतरवू. आपल्याकडे मोटरसायकल रेसिंगवर घर चालवणारे फार थोडे, तेही टीव्हीएस, होंडासारख्या कंपन्यांच्या टीममध्ये. बाकी ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, उभे असलेले बरेचसे तुझ्यासारखेच, नोकरी-धंदा सांभाळून, टेम्पोत बाइक बांधून पुण्याहून बाराशे किलोमीटर, मद्रासजवळच्या श्रीपेरंबुदूरचा ट्रॅक गाठणारे. तेव्हा गटाच्या नावात ‘प्रो’ आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. फरक आहे तो कंपनीच्या रायडरांनी वर्षभरात मारलेल्या लॅपचा. त्यांनी मद्रासच्या त्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर इतक्या फेऱ्या मारल्यात की डांबरावरचं ठिगळ कुठे आहे हे त्यांना झोपेतही सांगता येईल. तुझे चार ट्रॅक-डे आणि दोन रेस.

आता तुझे अकरा सेकंद. हिशोब सोपा जावा म्हणून पुढचा माणूस दोन मिनिटांत लॅप मारतो असं धरू. म्हणजे तू २ मिनिटं ११ सेकंद, त्याच्या १०९ टक्के. जागतिक अजिंक्यपदाच्या ग्रां प्री शर्यतींमध्ये वर्षानुवर्षं १०७ टक्क्यांचा नियम होता: सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या आत आलास तर रेसमध्ये, नाही तर घरी. त्या पट्टीने तुला २:०८.४ लागेल. अडीच सेकंद कमी पडतात. मित्र म्हणतील, एवढंच ना! आणि ते वर हेही म्हणतील की आपल्या रेस सहा-आठ लॅपच्या, अकरा सेकंदांच्या फरकाने पुढचा तुला मागून गाठून ओव्हरलॅप करायला (अख्खी एक फेरी पुढे जायला) अकरावी लॅप उजाडेल, म्हणजे तू कुणाच्या वाटेत येणारच नाहीस.

हिशोब बरोबर आहे. पण अपघात तिथे होतच नाहीत.

होतात ते पहिल्या लॅपमध्ये, जेव्हा सगळे अजून एका घोळक्यात असतात, आणि क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सत्रात, जेव्हा कुणी टायर गरम करत सावकाश निघालाय आणि कुणी त्याच क्षणी आयुष्यातली सर्वोत्तम लॅप मारतोय. ट्रॅक-डेला या दोन्ही गोष्टी तू कधी बघितलेल्याच नसतात. तिथे वेगाप्रमाणे गट पाडलेले, बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात ओव्हरटेकला मनाई, सुरुवात एकेकाने पिट लेनमधून. दिवे विझताच वीस-पंचवीस जणांनी एकदम क्लच सोडून एकाच कोपऱ्याकडे धावायचं, हे रेसमध्येच शिकायला मिळतं. म्हणून तर नॉव्हिस गट असतो.

सरळ पट्टा संपतोय. तू कोपऱ्यापासून दीडशे मीटरच्या पाटीपाशी ब्रेक दाबतोस, तुझ्या मागचा शंभरच्या पाटीपाशी दाबणार आहे. मधल्या पन्नास मीटरमध्ये तू ताशी १३५वरून १००वर आलास आणि तो अजून १३५वरच आहे. ताशी ३५ किलोमीटरचा फरक म्हणजे सेकंदाला जवळपास १० मीटर. तो तुझ्यापासून तीन बाइकच्या अंतरावर असेल तर त्याच्याकडे अर्धा सेकंद आहे. एवढ्यात त्याने बघायचं, ठरवायचं, बाइक दुसऱ्या बाजूला टाकायची. तू दर लॅपला दीडशेलाच ब्रेक दाबत असशील तर त्याला ते प्रॅक्टिसमध्येच कळलेलं असतं, तो आधीच आतली बाजू धरून येतो, तुला हूल देऊन निघून जातो. पण एका लॅपला १५०, दुसरीला १२०, तिसरीला घाबरून १७० असं असेल तर तो काय करणार? तुझ्यातला आणि त्याच्यातला फरक हा बहुतेक इथलाच असतो. कोपऱ्यातून बाहेर पडताना गॅस तर सगळेच पिळतात.

हे मला कसं कळलं ते सांगतो. आवडीने सांगत नाही.

दुसऱ्याच वर्षी मी वरच्या गटात नाव घातलं होतं. ट्रॅक आणि वर्ष राहू दे. चौथ्या लॅपला मागून इंजिनाचा आवाज आला. मला वाटलं, मोठा माणूस आहे, त्याची रेस कशाला बिघडवा. कोपऱ्यात शिरता शिरता मान किंचित वळवली आणि सभ्यपणे बाहेरच्या बाजूला सरकलो, त्याला आतली वाट दिली. त्याने माझी लाइन, म्हणजे कोपऱ्यातली नेहमीची वाट, तीन लॅप मागून बघितली होती. मी आतच राहतो हे हेरून तो बाहेरून येत होता. त्याचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागलं. मी रेतीत जाऊन उभाच राहिलो, मला खरचटलंसुद्धा नाही. त्याचं कॉलरबोन मोडलं आणि मोसम संपला. संध्याकाळी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या टीमच्या तळावर, त्याच्या तंबूत गेलो. हात गळ्यात बांधलेला, चहा पीत बसला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “अरे, वाट कशाला दिलीस? तू होतास तसाच गेला असतास तर मी गेलो असतो ना.”

एवढंच बोलला. मी शिकवायला लागल्यापासून प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी हेच सांगतो. निळा झेंडा दिसला म्हणजे मागचा तुला गाठतोय, त्याला जाऊ द्यायचंय. पण जाऊ देणं म्हणजे बाजूला उडी मारणं नाही. आपली लाइन धर, ब्रेक नेहमीच्या जागी दाब, मागे वळून बघू नको. पास कसा करायचा हे त्याचं काम. फार तर पुढच्या सरळ पट्ट्यावर गॅस जरा सैल सोड. घाटात मागून एसटीने हॉर्न दिला की आपण कडेला घेतो, तीच सवय ट्रॅकवर जिवावर उठते.

आणि पडणं. तू पडलास हे तू लाजत लाजत लिहिलंयस. पडण्यात काही लाज नाही, चांगल्या ट्रॅकवर एकटा पडलेला माणूस बहुतेकदा घसरत जातो, उठतो, चामड्याचा सूट झटकतो. जीव जातो तो पडल्यावर मागून येणाऱ्याची बाइक अंगावर आल्याने. २०११ मध्ये मलेशियात सेपांगला मोटोजीपीचा इटालियन रायडर मार्को सिमोनचेली गेला तो असाच. २०२१ मध्ये तर चार महिन्यांत तिघं गेले: मुजेल्लोला जेसन ड्युपास्किए, वय १९, अरागॉनला ह्युगो मियान, वय १४, हेरेझला डीन बेर्ता विन्यालेस, वय १५. तिघांनाही मागून येणाऱ्या बाइकचाच फटका बसला. ही हौशी मुलं नव्हती, युरोपातल्या उत्तम शाळांतून आलेली होती. त्यानंतर जागतिक संघटनेने वयाच्या अटी वाढवल्या, ग्रां प्रीसाठी २०२३ पासून किमान वय अठरा केलं. आपल्याकडेही ऑगस्ट २०२३ मध्ये मद्रासच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा राष्ट्रीय स्पर्धेच्या रुकी रेसमध्ये गेला. रुकी, म्हणजे शिकाऊंचाच गट. तेव्हा खालचा गट म्हणजे सुरक्षित असं मी म्हणत नाहीये. पण ज्या घोळक्यात आपण शिरतोय त्यातल्या प्रत्येकाच्या मागे कुणीतरी आहे, तुझ्या मागेही असणार आहे, आणि तुझी चूक तोही भोगणार आहे. “माझा जीव आहे, मी बघीन” हे वाक्य रस्त्यावरही खोटंच असतं, पण इथे सहा लॅपच्या आत उघडं पडतं.

हौशी आणि मुरलेले एकत्र धावूच नयेत असंही नाही. रॅलीत ते सुखाने धावतात. डकारमध्ये जगज्जेते आणि स्वतःच स्वतःची बाइक दुरुस्त करणारे एकाच वाटेने जातात, कारण एकेकाला वेगवेगळं सोडतात आणि लढाई घड्याळाशी असते. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, ३६वा आला. त्याच्या पुढचे ३५ जण त्याच्या वाटेत नव्हते आणि तोही त्यांच्या नव्हता. सर्किटवर तसं नसतं, आणि सुपरक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या उंचवट्यांच्या ट्रॅकवर, तर अजिबात नसतं. २०२४च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉस लीग झाली तेव्हा पुण्यातल्या पुष्कळांनी ट्रिपल जंप पहिल्यांदा जवळून बघितली असेल. तीन उंचवटे, एका उडीत पार. ज्याला जमत नाही तो एकेक उंचवटा चढत-उतरत जातो. मागचा हवेत असतो आणि हवेतल्या माणसाला ना ब्रेक असतो ना हँडल. म्हणून मातीतल्या स्पर्धांमध्ये नॉव्हिस, प्रायव्हेट एक्स्पर्ट, एक्स्पर्ट असे गट पाडलेले असतात. यात प्रायव्हेट एक्स्पर्ट हा गट मला फार शहाणपणाचा वाटतो: तयारीचा, पण पाठीशी कंपनी नसलेला. डांबरावरही असा एक गट जोमात चालायला हवा, असं मी बरीच वर्षं बोलतोय. रॉयल एनफिल्डच्या कॉन्टिनेंटल जीटी कपने प्रोफेशनल आणि अमॅच्युअर असे दोन गट केले तेव्हा मला बरं वाटलं होतं.

ब्रिटनमध्ये क्लब रेसिंगची पद्धत बघ. नवा माणूस सूटवर नारिंगी बनियन घालून धावतो, म्हणजे मागच्याला लांबूनच कळतं की पुढे नवखा आहे. रेस नीट पूर्ण केली की अधिकारी त्याच्या कार्डावर सही देतात. वेगवेगळ्या सर्किटांवरच्या दहा सह्या जमल्या की बनियन उतरतं आणि वरचं लायसन्स मिळतं. त्या सहीला नंबर लागत नाही. शेवटचा आलास तरी सही मिळते. नीट पूर्ण केलीस एवढंच बघतात. आपल्याकडे मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन्स घ्यायचं तर प्रशिक्षण लागतं, डॉक्टरचा दाखला लागतो, पण त्यापुढे मोटरसायकलची नेहमीची सर्किटं बोटांवर मोजण्याइतकी. मद्रास, कोइम्बतूरचं कारी, कधीमधी ग्रेटर नोएडाचं बुद्ध. दहा सह्या जमवायला इथे माणूस म्हातारा होईल. म्हणून कार्ड तुझं तूच ठेवायचं. दोन रेसपैकी तुझी सही एक झाली.

तुझ्या मित्रांचीही बाजू आहे, ती उडवून लावत नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी व्हायला फार वेळ लागत नाही. नॉव्हिसमध्ये तीन-तीन मोसम मुक्काम ठोकून कप गोळा करणारे मी बघितलेत. पुढे गेल्यावर त्यांची गाडी कधी रुळावर आली नाही, कारण त्यांना मागून कुणी दाबलेलंच नव्हतं. जोरात चालवणाऱ्याच्या मागे दोन लॅप राहिलं तर जे कळतं ते माझ्या दहा भाषणांतून कळत नाही, हेही मान्य. फक्त त्याची जागा रेस नाही. प्रॅक्टिस आहे, ट्रॅक-डे आहे, एखाद्या स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर मुद्दाम तुझ्या पुढे राहून तुला ओढत नेतो ते सत्र आहे.

मग वर कधी जायचं? यासाठी लोक सर्वोत्तम लॅप सांगतात. “माझी २:११ आहे.” ती कुणाच्या मागे, त्याने कापलेल्या हवेत मारलेली असते, कधी एकच बसलेली असते, आणि ती मारताना तू दोनदा मरता मरता वाचलेला असतोस. मला तिच्यात रस नाही. ट्रान्सपाँडरच्या (बाइकला लावलेल्या, लॅपची वेळ नोंदवणाऱ्या यंत्राच्या) टाइमशीटवरच्या सगळ्या लॅप मला दाखव. सलग दहा लॅप, पहिली आणि शेवटची सोडून. सर्वांत जलद आणि सर्वांत हळू यांत एक-दीड सेकंदाहून जास्त अंतर नसेल, तर तू २:१३चा असलास तरी मी तुला वर पाठवायचा विचार करीन. हेच अंतर पाच सेकंद असेल आणि त्यात एक २:०८ असेल, तर तू नॉव्हिसमध्येच बरा. माझ्याकडे एक मुलगा होता, साताऱ्याचा, कधीच पहिल्या पाचात नाही. पण त्याची टाइमशीट म्हणजे पाढे लिहिल्यासारखी. वरच्या गटातले रायडर मला येऊन सांगायचे, “याच्या मागे असलो की टेन्शन नसतं.” पॅडॉकमध्ये याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

पुढच्या मोसमात शक्य झालं तर नॉव्हिससोबत एखाद्या वन-मेक कपच्या निवडीला जा. तिथे सगळ्यांना सारख्याच बाइक मिळतात, आणि आपण हरतो ते इंजिनामुळे की आपल्यामुळे हा संशय एकदाचा मिटतो. बहुतेकांचा अपेक्षेच्या उलट मिटतो. माझाही मिटला होता.

एक कोरडा पण महत्त्वाचा विषय. तुझी नेहमीची मोटार पॉलिसी काढून वाच: संघटित रेसिंग, पेस मेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल, स्पीड टेस्टिंग या वापराला संरक्षण नाही, असं त्यात छापलेलं असतं. बाइकचं जाऊ दे. आरोग्य विम्यात बघ, साहसी खेळांबद्दलचं ठरावीक कलम असतं, क्रमांक ०९. त्यात मोटर रेसिंगचं नाव आहे, आणि वगळलेला आहे तो ‘व्यावसायिक म्हणून’ केलेला सहभाग. आता तू हौशी की व्यावसायिक? गटाच्या नावात प्रो, सूटवर चाकणच्या एखाद्या गॅरेजचा स्टिकर, बक्षिसाचा चेक खात्यात. तुझ्या मते तू हौशी. हॉस्पिटलच्या काउंटरवर हा वाद घालायची पाळी तुझ्या वडिलांवर येऊ नये. नाव घालायच्या आधी विमा कंपनीला ईमेल कर, लेखी उत्तर घे, नसेल बसत तर वेगळा अपघात विमा बघ. हे काम कुणीच करत नाही. मीही सोळा वर्षं केलं नव्हतं.

शेवटची गोष्ट बाइकची. वरच्या गटात गेलास की इंजिनात हात घालावाच लागतो, म्हणजे मेकॅनिक हवा, आणि तो तुझ्या कॉलनीतला चालत नाही. पण त्याआधीचं साधं काम बघ. ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून लॉकवायर ओवलेली असते, बोल्ट सैल झाला तरी गळून पडू नये म्हणून. स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या बाइक-तपासणीला, ती बघतात. वायर बोल्ट आवळायच्या दिशेने ओढलेली हवी. निम्मे नवे लोक ती सैल व्हायच्या दिशेने पिळून आणतात आणि वर नीट गाठ मारतात. एका बाइकचं ऑइल कोपऱ्यावर सांडलं की मी लाल पट्ट्यांचा पिवळा झेंडा दाखवतो खरा, पण तो पहिल्या दोघा-तिघांना वेळेत दिसतोच असं नाही. लॉकवायरची रीळ आणि पिळायची पक्कड तुझ्या पेटीत आहे का ते बघ. मागच्या दोन्ही रेसच्या टाइमशीट मला पाठव, पडलास तिच्या आधीच्या लॅपसकट. तीच मला आधी बघायचीय.